रुपचंद नानांचा कान

माझी गाडी अठ्ठ्याण्णव सालची, फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाची. मार्चमध्ये पहूरला बंद पडली. स्टार्टर फिरायचा, इंजिन काही धरायचं नाही. तिथल्या एका शहाण्याने ती ट्रॅक्टरला बांधून गावभर ओढली. दुसऱ्याने जुन्या जीपच्या कार्बोरेटरमध्ये ओततात तसं इंजिनात पेट्रोल ओतलं. तिसऱ्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरीही बदलायला लावली. नेमकं काय बिघडलंय हे एकानेही तपासलं नाही. माझं डोकं असं फिरलं होतं, की शेवटी गाडी टेम्पोत घालून भुसावळला रुपचंद नानांकडे आणली.

नाना मूळचे शिरपूरकडचे, बोली अहिराणी. वरणगाव रस्त्यावर त्यांचं गॅरेज, आणि मागेच घर. तीस वर्षांत त्यांनी अंदाजाने एक स्क्रूही बदलला नसेल. तोंड मात्र तिखट. अलीकडे तर साधं बोलणंही ओरडूनच. गिऱ्हाइकाने हळू उत्तर दिलं, की "तोंडमा काय शे?" म्हणून अंगावर यायचे. नाना रागीट आहेत, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्यांची पहिली तपासणी ठरलेली. चावी दिली की टाकीतला पंप दोन सेकंद घुमतो, तो ऐकायचा. नानांनी पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाला कान लावला, मी पुढे बसून चावी फिरवली. मागून काहीतरी बारीक घुमलं, असं मला वाटलं. पण नानांनी मान हलवली.

"पंप मरी गया."

मी गप्प बसलो. नानांच्या कानापुढे माझा कान काय!

जळगावला समाधान नावाच्या माणसाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथून नवा पंप आणला, बसवला. चावी फिरवली. नानांनी पुन्हा मान हलवली. मग जे पेटले! पंप उपसून काढला, पिशवीत घातला, आणि आम्ही दोघे पुढच्या रेल्वेने जळगावला. भरल्या दुकानात नानांनी पंप काउंटरवर आपटला.

"मरेल पंप दिधा माले. चोर शे तू."

समाधान म्हणाला, "नाना, बॅटरीला लावून दाखवतो." नानांनी ऐकूनच घेतलं नाही. आणि मी, लिहिताना लाज वाटते, नानांच्या वरताण बोललो. पहूरच्या तिघांवरचा सगळा राग त्या माणसावर काढला. वीस-पंचवीस गिऱ्हाइकं बघत होती. त्याने मुकाट्याने दुसरा पंप काढून दिला.

तोही बसवला. नाना टाकीशी वाकले, मी चावी फिरवली. नानांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या प्रमिलाबाई, त्यांच्या बायको, त्यांच्या समोर येऊन मोठ्याने म्हणाल्या, "पंप बोली ऱ्हायना." म्हणजे पंप बोलतोय.

"काही बोलत नही."

प्रमिलाबाईंनी चहा खाली ठेवला, नानांचा हात धरून टाकीवर टेकवला आणि मला खूण केली. मी चावी फिरवली. हाताखालची थरथर कळली तसा नानांचा चेहरा उतरला. गाडीतून आधी काढलेला जुना पंप त्यांनी स्वतःच बॅटरीला लावून पाहिला. तोही हातात थरथरला.

"किती दिन व्हयनात?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दोन वरीस. सांगं व्हतं मी. तुम्ही मन्हावर चिडनात."

नाना खाली बसून पुढचं काम करू लागले. प्लगला ठिणगी नव्हती. ठिणगी नाही आणि इंजेक्टरही गप्प, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर तपासायचा. त्याची तार आतून तुटलेली निघाली. जोडली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला होता. मला आनंद झाला नाही. दोन महिने मी सगळ्यांना शिव्या घालत होतो, आणि ज्या एका वेळी तोंड उघडायचं, तेव्हा गप्प राहिलो होतो. माझाच मला संताप आला.

नानांनी समाधानला फोन लावला, आवाज पूर्ण मोठा करून.

"समाधानभाऊ, चूक मन्ही व्हती. दोन्ही पंप चांगला शेत."

पलीकडून शब्द स्वच्छ आले. "भरल्या दुकानात चोर म्हणालात मला. आता पुन्हा फोन करू नका. माझ्या दुकानाची पायरीही चढू नका." फोन कट झाला.

नानांनी बायकोकडे पाहिलं. "काय म्हने तो?"

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग नानांच्या समोर जाऊन मोठ्याने सांगितलं, "म्हने, व्हई जास नाना. मनमा काही नही."

नानांनी मान डोलावली. "भला माणूस शे," ते म्हणाले, आणि थंड झालेला चहा त्यांनी उभ्यानेच पिऊन टाकला.