मांडीवर पिस्टन

अमरावतीच्या त्या मिस्त्रींना बोलण्याआधी हात पुसायची सवय. हात स्वच्छ असले तरी पुसायचे.

लष्कराच्या लिलावात घेतलेल्या माझ्या जुन्या पिकपचं इंजिन खोलून नवं करायचं होतं, पण ते कोणत्या कंपनीचं तेच कळेना. नंबर कुणीतरी घासून टाकला होता. बाकीच्या मिस्त्र्यांनी बॉनेट उघडताच वेगवेगळी नावं ठोकून दिली. चुकीचं सामान आलं असतं तर माझी संत्री वाहायचा हंगाम गेला असता.

यांनी रॉकेलनं इंजिन धुतलं, वाकून पाहिलं, हात पुसले. "मले नाई समजून राह्यलं, भाऊ."

का कोण जाणे, मला तेव्हाच हायसं वाटलं.

त्यांनी एक पिस्टन काढला, फडक्यात बांधला आणि मांडीवर घेऊन एसटीनं परतवाड्याला गेले. तिथं लाकूड वाहणाऱ्या जुन्या ट्रकांची गॅरेजं पुष्कळ. संध्याकाळी परतले ते हात पुसतच.

"सापडलं. गाडी एका कंपनीची हाय, इंजिन दुसऱ्या कंपनीच्या लॉरीचं बसवलं कोणीतरी."

संत्री वेळेवर धामणगावच्या स्टेशनात पोचली.

आजही ते "मालूम हाय" म्हणाले, की मी तिथंच उभा राहतो. "नाई समजलं" म्हणाले, की किल्ली त्यांच्याकडे ठेवून घरी जेवायला जातो.