खालची फळी

मद्रासच्या आमच्या घराची ओसरी बाहेरून आडव्या फळ्या ठोकून बंद केलेली होती. त्यातली सगळ्यात खालची फळी वर्षाच्या आत कुजायची. भोगीच्या पहाटे तिकडे जुन्या सामानाची होळी करतात; अप्पा ती फळी उचकटून रस्त्यावरच्या त्या होळीत टाकायचे. ओलं लाकूड पेटायचं नाही, नुसतं धुमसायचं, आणि सगळी गल्ली धुरात तरंगल्यासारखी दिसायची. मग नव्या फळीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडून अप्पा ती ठोकायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "समुद्राचा वारा. लाकूड टिकू देत नाही."

मला या थापेचा भारी राग यायचा. वरच्या फळ्यांना वारा लागत नव्हता काय? रोज पहाटे अर्धवट झोपेत मला दारात पाण्याचे सपकारे ऐकू यायचे. आई रांगोळीसाठी अंगण भिजवायची, तेही बादल्या भिरकावून, आणि निम्मं पाणी त्या फळीवर जायचं. "तिला सांगा ना, जरा लांबून टाक म्हणून," मी एकदा अप्पांना म्हणालो. ते तोंडात खिळे धरून नुसते हसले.

आई गेली त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. तरी भोगीला अप्पा हातोडी घेऊन बाहेर बसले. त्यांनी खालची फळी ठोकून पाहिली. ती खणखणीत वाजली. त्यांनी पुन्हा ठोकली, मग तळहात लावून चाचपली. कोरडी होती.

"यंदा वारा पडलेला दिसतो," ते म्हणाले.