शेततळ्यावरून परतलेली वैशाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तरी नीट सांगता येईल का — माहीत नाही. मी काय केलं ते मला पक्कं ठाऊक आहे. का केलं, तिथे मात्र अजून गोंधळ होतो.

मी नगरला पोहणं शिकवतो, स्पर्धेसाठी मुलं तयार करतो. आमच्या तलावाचं एक नाव होतं — इथली मुलं सगळ्यात जास्त पोहतात. सकाळी फेऱ्या, संध्याकाळी पुन्हा फेऱ्या. पायऱ्यांवर बसलेले पालक कौतुकानं बघायचे, आणि मला ते आवडायचं. नाही कशाला म्हणू?

वैशाली श्रीगोंद्याकडची. वडील ऊसवाले. पोरीला नगरला मावशीकडे ठेवताना मला एवढंच म्हणाले होते, "सर, आता तुमीच बघायचं." अंगानं बारीक, पण पाण्यात उतरली की सरळ रेषेत जायची. मी तिला फेऱ्यांवर फेऱ्या दिल्या. दम वाढला — पण शंभर मीटरची तिची वेळ होती तिथेच अडकून बसली. मग मी काय केलं? आणखी फेऱ्या. दुसरं मला येत तरी काय होतं?

एका उन्हाळ्यात तलावाचा पंप जळाला. दुरुस्ती होईपर्यंत वैशाली गावी गेली आणि शेततळ्यात पोहत राहिली. तळं लहान. या काठापासून त्या काठापर्यंत जीव तोडून जायचं, काठाला बांधलेला दोर धरून पुरता दम खायचा, मग पुन्हा. वडील काठावर बसलेले. त्यांना दुसरं काम निघालं की सराव संपला. परत आल्यावर हे सांगताना ती ओशाळली होती. "लई कमी झालं सर," म्हणाली.

त्याच दिवशी मी तिची शंभर मीटरची वेळ घेतली. तिचे हात पाण्यात पडताना बघूनच मला काहीतरी कळलं होतं. घड्याळ थांबवलं — तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. कितीतरी चांगली. काठाला धरून धापा टाकत तिनं विचारलं, "किती आली?"

मी खोटी वेळ सांगितली. तिच्या जुन्या वेळेपेक्षाही वाईट.

का? पायऱ्यांवर पालक ऐकत होते म्हणून? एवढ्याशा शेततळ्यानं माझी सगळी वर्षं चुकीची ठरवली म्हणून? की पोरगी हवेत जाईल असं खरंच वाटलं? ही तिन्ही कारणं मी स्वतःला आलटून पालटून दिली आहेत. एकही पुरतं पटत नाही. आणि कदाचित — कदाचित ते माझ्याच फेऱ्यांचं फळ असेल, विश्रांती मिळाल्यावर वर आलेलं. असेलही. ते शोधणं माझं काम होतं. शोधायची वाट मीच बुजवली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून फेऱ्या वाढवून मागितल्या. मी दिल्या. काही आठवड्यांनी खांदा दुखतो म्हणाली. दुखणारच, मी म्हणालो. जिल्ह्याच्या निवडीत ती मधेच थांबली, हात वर उचलेना. डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं. वडील न्यायला आले तेव्हा माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, तुम्ही तुमच्या बाजूनं काही कमी केलं नाही. मीही हात जोडले — अजून काय करणार होतो?

गेल्या वर्षी कर्जतला एका लग्नात ती भेटली. आता शाळेत शिकवते. नवऱ्याला हौसेनं ओळख करून दिली, हे माझे सर. माझ्या शेजारी बसून ती आपल्या लहान मुलीला भरवत होती, तेव्हा जुन्या गोष्टी निघाल्या.

"चूक माझीच होती, सर," ती म्हणाली. "तेव्हा गावी जाऊन बसायलाच नको होतं. तिथंच मी मागं पडले."

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांपर्यंत आलंही होतं — की आलं होतं असं मला आता वाटतंय?

"असू दे," मी म्हणालो.

ती हसली. कुणीतरी माफ केल्यावर माणूस हसतं, तशी.