बाबांची तबकडी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, विश्वास न ठेवणं हीच माझी नोकरी आहे!

मी लंडनला एका सरकारी खात्यात रेकॉर्ड्सचं काम करते. आकाशात काहीतरी विचित्र दिसलं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं सरकारला जे कळवलं, त्या फायली आता सगळ्यांसाठी खुल्या होणार आहेत. त्या सरकारी दप्तरखान्यात, म्हणजे अर्काइव्हजला, जाण्याआधी मी पानन्‌पान वाचते आणि कळवणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन काळ्या पट्टीखाली झाकते. प्रायव्हसी! त्यामुळे तुम्ही दोन वाक्यं बोललात की तुम्ही काय पाहिलंत ते मी सांगू शकते – शुक्र, विमान, हवेत सोडलेला कंदील, नाहीतर दोन पाइंट बिअर. अलीकडच्या लोकांचा तर मला रागच यायचा. खिशात मोबाईल होता ना? मग फोटो का नाही काढलात?

आणि गंमत बघा, असा एक साक्षीदार आमच्याच घरात. माझे सासरे साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. तरुणपणी त्यांना पाण्यापलीकडे काहीतरी दिसलं आणि त्यांनी ते रीतसर सरकारला कळवलं – नावानिशी, हुद्द्यासकट. डॉक्टर म्हटल्यावर तरी विश्वास ठेवतील, हा हिशोब. आल्या काय, तर आभाराच्या दोन ओळी. बातमी मात्र आधी वॉर्डात आणि मग मराठी मंडळाच्या गणपतीत पोचली. तेव्हापासून ‘बाबांची तबकडी’ हा घरातला ठेवणीतला विनोद. जेवताना ताटली हातातून निसटली तरी सासूबाई म्हणणार, “अहो, तुमची तबकडी उडाली!” बाबा हसायचे. पण त्या विषयावर बोलणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी आणि माझा नवरा निखिल लंडनमधल्या ईलिंगहून त्यांच्याकडे गेलो होतो. बाबांच्या डोळ्यांचा मॅक्युला गेलाय. समोरचं काही दिसत नाही, कडेचं तेवढं अंधुक. उरलीसुरली नजर जाण्याआधी पाण्यावर जाऊन यायचंय म्हणाले, म्हणून जेवणानंतर मी त्यांना मेफ्लॉवर पार्कला घेऊन गेले. आम्ही दोघंच. रेलिंगजवळच्या बाकावर बसलो. उजव्या हाताला एक क्रूझ शिप, समोर नदी, पलीकडच्या काठावर मार्चवुड गावाची झाडं. आभाळ भरलेलं, पण उजेड चांगला होता.

“एक विचारू?” बाबा म्हणाले. “माझंही नाव काळं केलंस का गं?”

“बाबा, मला सांगता येत नाही. रूल आहे.”

“असू दे. पण मी नाव दिलं ते झाकायला नव्हतं दिलं.” मग म्हणाले, “नजर जायची ती जाईलच. मी पाहिलं ते खरंच होतं, एवढं कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं.”

मला फार वाईट वाटलं. मी नजर वळवून समोर बघितलं...

मार्चवुडच्या झाडांच्या वर, आभाळात तीन दिवे होते. एका आडव्या ओळीत, पिवळट, कठड्यावर पणत्या मांडाव्यात तसे स्थिर.

डोकं लगेच कामाला लागलं. विमान? आवाज नाही, हालचाल नाही. क्रेनचे दिवे? बंदराच्या क्रेन्स तर पार उजवीकडे. कंदील? एवढ्या वाऱ्यात कंदील एका जागी राहतो होय!

“काय झालं? गप्प का झालीस?”

“बाबा, समोर तीन दिवे आहेत. एका ओळीत.”

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. “मधला खाली येईल,” ते म्हणाले.

आणि मधला खाली आला.

“झाडांपर्यंत येऊन थांबेल. मग बाकीचे दोघं त्याच्याकडे येतील – आधी डावा, मग उजवा. तिघांचा एक होईल. आणि कुठे जाणार नाही हं, जागच्या जागी विझेल.”

मी त्यांना काहीच सांगत नव्हते, ते मला सांगत होते. त्यांची मान तर खाली होती. आणि प्रत्येक गोष्ट त्यांनी म्हटल्यानंतर होत होती. डावा आला. मग उजवा. मग एकच मोठा दिवा. आणि मग काही नाही... नुसते ढग.

“विझला?”

“विझला, बाबा.”

“म्हणजे होतं,” ते म्हणाले, आणि चक्क रडायला लागले. मीही रडले.

फोटो? मोबाईल माझ्या कोटाच्या खिशातच होता. आठवलासुद्धा नाही! आता हसा खुशाल, माझी हरकत नाही.

घरी सांगितल्यावर निखिल म्हणाला, “ड्रोन्स असतील, यू नो, काहीतरी डिस्प्ले वगैरे.” असतील. पण बाबांच्या तरुणपणी कुठले ड्रोन? आणि आजच्या ड्रोनना तेव्हाची कवायत कुणी शिकवली? बरं, बाबांची गोष्ट मला आधी ठाऊक होती आणि मी तीच डोळ्यांपुढे आणली, असंही नाही. रूल मोडून सांगते, त्यांचा रिपोर्ट माझ्या हाती कधी आलाच नाही. आणि त्यांना नेमकं काय दिसलं, हे इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही – आणि माझं पोट त्याच प्रश्नावर चालतं.

सासूबाई चहा गाळता गाळता थांबल्या. “अहो, मला कधी सांगितलं नाहीत ते!”

“तू हसत होतीस,” बाबा म्हणाले.

सरकार आता असे रिपोर्ट घेत नाही, त्या कामाचं टेबल केव्हाच बंद झालं. म्हणून इथे लिहितेय. ते काय होतं, मला आजही माहीत नाही. होतं, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

पोस्ट करण्याआधी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं आणि सवयीने विचारलं, “तुमचं नाव झाकू ना?”

“आता तरी राहू दे,” ते म्हणाले.

तर साक्षीदार दोन. एक मी, मृणाल. दुसरे डॉ. यशवंत ठोसर, साउथहॅम्प्टन.