आनंदाबाईचं गरम पाणी

आनंदाबाई आमच्या गावच्या उपकेंद्रात मानधनावर होती. झाडणं, पुसणं, बाळंतिणीले गरम पाणी देणं. पंचवीस वर्षं तिनं तीन गोट्यांच्या चुलीवर पाणी तापवलं. धुरानं डोळे असे लाल, की नवा माणूस भलतंच समजे.

मग उपकेंद्राच्या छतावर सोलरचे काळे पॅनल बसले. वरून ऊन, मागून पाण्याच्या नळ्या; एकाच पॅनलवर लाईटही चाले अन् पाणीही तापे.

"आजी, गाय दूध देते अन् नांगरही वढते, असं समज," ती मले म्हणाली.

"गाय नांगर वढत नाही, बाई."

"सरकारी वढते."

मागच्या पावसाळ्यात गावातले वासुदेवराव वारले. तीन दिवसांची झड उघडून ऊन पडलं होतं, पण लाकडं ओलीच. मढ्याच्या आंघोळीले पाणी तापेना. त्यांचा मुलगा कुलदीप बादली घेऊन उपकेंद्रात गेला. आनंदाबाईनं नळ सोडला. कोणीही सोडला असता.

पण गावात बोलणं सुरू झालं. मढ्याले दिलं तेच पाणी बाळंतिणीले? आनंदाबाईनं टाकी रिकामी करून घासली. तरी सासवांनी सुना पाठवणं बंद केलं.

त्यात मी पहिली. माही नातसून गुंजन, तिचे दिवस भरत आले तशी आनंदाबाई दारात आली.

"आजी, पोरीले धाड. बाळ आडवं आहे म्हणते सिस्टर. पाणी मी चुलीवर तापवून देतो, पहिल्यावानी."

"तू कायले तरास घेतं? आमची सारी घरीच झाली."

"अन् गेली किती, ते नाही सांगत."

मी दार लोटलं.

पौषात गुंजनच्या पोटात दुखायले लागलं. सिस्टरले बोलवायले माणूस धावला तोवर उशीर झाला. मुलगा होता. रडलाच नाही.

पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीत गाव जमलं. हिनं मढ्याले पाणी दिलं, म्हणून सुना तिथं जात नाहीत, म्हणून हे झालं, असं ठरलं. कुलदीप खाली मान घालून बसला. आनंदाबाई माह्याकडे पाहून राहिली होती. मले एवढंच सांगायचं होतं, की ती न्यायले आली होती, मीच धाडलं नाही. पण बाजूले माहा नातू सचिन बसला होता, बाळाचा बाप. माही जीभ उचलली नाही.

आनंदाबाईचं काम गेलं. आता ती शहापूरले लेकीकडे राहते.

सचिनले मी अजून सांगितलं नाही. आनंदाबाई न्यायले आली त्या दिवशी गुंजननं आतल्या खाटेवरून दारातलं सारं ऐकलं होतं. तीही कोणाजवळ बोलत नाही. फक्त माह्या हातचा चहा घेत नाही.