तीन नंबरचा नोझल

शैलजाताई कदमांनी पहिल्याच भेटीत मला माझं वजन विचारलं. जपानमधल्या कोबे शहरातल्या आम्हा मराठी मंडळींचा गणपती होता, भाड्याच्या एका छोट्या सभागृहात जेवणं चालली होती आणि मी श्रीखंडाची तिसरी वाटी भरून घेत होतो. बँकेच्या बदलीवर मुंबईहून येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. पन्नाशीच्या, सडसडीत, आखूड केसांच्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "सामंत ना तुम्ही? वजन किती?"

मला वाटलं, डॉक्टर असतील. मी पोट आत ओढलं आणि चार किलो कमी करून आकडा सांगितला.

"खरं सांगा. मला मागच्या सीटवर नव्वद किलो हवेत. कमी पडलात तर चाकं जागच्या जागी फिरतील."

त्या डॉक्टर होत्याच, पण इंजिनाच्या. तिथल्या एका विद्यापीठात, सिलिंडरच्या आत डिझेल कसं जळतं यावर त्यांचं संशोधन होतं. विद्यार्थी त्यांना 'कदम-सेन्सेई', म्हणजे कदमबाई, म्हणत आणि बरेचसे टरकून असत. सुट्टीच्या दिवशी ह्याच बाई एक अवाढव्य डिझेल पिकअप घेऊन डोंगर चढण्याच्या स्पर्धेत उतरायच्या. पिकअपचा मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात. हौद्यात वाळूची पोती टाकायला नियमांची बंदी होती, पण मागच्या सीटवर माणूस बसवायला नव्हती. त्यांचा आधीचा माणूस, एक धष्टपुष्ट विद्यार्थी, नोकरी लागून योकोहामाला गेला होता. श्रीखंडाची तिसरी वाटी बघून आपण माझी निवड केली, हे त्यांनी नंतर मला स्वतःच सांगून टाकलं.

आडपडदा म्हणून त्यांना ठाऊकच नव्हता. त्याच पंगतीत त्यांनी एका साहेबांच्या पत्नीला "पुरण उत्तम झालंय, पोळी कच्ची आहे" असं सांगितलं होतं. एका परिषदेत नावाजलेल्या प्राध्यापकांना त्या म्हणाल्या होत्या, "तुमचा आलेख सुंदर आहे, पण इंजिनाला तो माहीत नाही." जपानसारख्या देशात, जिथे 'नाही' म्हणायलाही माणसं दोन मिनिटं घेतात, तिथे ही बाई वीस वर्षं टिकली कशी, याचं मला नवल वाटायचं. पण त्यांच्याबद्दल वाकडं बोलणारं कोणी मला भेटलं नाही. त्यांचं खरं बोलणं स्वतःलाही लागू असायचं, म्हणून असेल.

जुन्या डिझेल गाडीची नोंदणी कोबेत होत नाही, म्हणून पिकअप राहायची उत्तरेकडच्या डोंगरात, ओकुदा-सान नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये. आधी मोठी ट्रेन, मग एकाच डब्याची छोटी ट्रेन आणि शेवटी ओकुदा-सानची व्हॅन, असा तो प्रवास. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण ती गाडी पाहून मीही दोन पावलं मागे सरलो. चाकं माझ्या छातीपर्यंत. आत चढायला लोखंडी पायरी. टपाच्या आतून जाड नळ्यांचा पिंजरा, उलटली तर माणसं वाचावीत म्हणून. स्प्रिंगा, टर्बो, पंप, सगळं कुठून कुठून आणून, कापून, जोडून बसवलेलं. "मूळ गाडीचं यात काय उरलंय?" मी विचारलं. "हॉर्न," शैलजाताई म्हणाल्या.

ती गाडी मुळात ओकुदा-सानची. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर ते तिच्यात रॉकेलचे डबे आणि पाणी भरून ईशान्येच्या किनाऱ्याकडे निघाले. त्यांचे गुडघे दुखत म्हणून आळीपाळीने चालवायला शैलजाताई बरोबर गेल्या. एका गावात माणसं टेकडीवरच्या शाळेत अडकली होती आणि रस्ता खचलेला होता. गाडी चढावर निम्म्यावर आली, तिने भकाभका काळा धूर ओकला आणि दम सोडून उभी राहिली. रॉकेलचे डबे त्यांनी हातात धरून, चिखलातून, दिवसभर खेपा घालून वर नेले. एरवी घडाघडा बोलणाऱ्या शैलजाताई हे सांगताना एकच वाक्य बोलायच्या. "वर माणसं थंडीत बसली होती आणि मी डिझेलची डॉक्टर खाली धूर बघत होते."

परतल्यावर त्यांनी इंजिनाचे चारही नोझल काढले, धुतले, मलमलीच्या फडक्यात गुंडाळले आणि पुढच्या सुट्टीत हातातल्या पिशवीत घालून कराडला नेले.

नोझल म्हणजे बोटाएवढा एक पोलादी तुकडा, आत सुईसारखी पिन. इंजिनात डिझेलची फवारणी तो करतो. फवारा धुक्यासारखा बारीक पडला तर डिझेल नीट जळतं. थेंब ठिपकला तर धूर. कराडला शैलजाताईंच्या वडिलांचं, आण्णांचं, नोझल आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची इंजिनं, सगळ्यांचे नोझल आण्णांच्या हाताखालून जायचे. शैलजाताई लहानपणी त्या दुकानात बसून अभ्यास करायच्या. "धूर म्हणजे अर्धवट काम," हे त्यांचं आवडतं वाक्य मूळ आण्णांचं. नोझल हाताच्या पंपावर लावून दांडा दाबला की तो 'चर्र' असा बोलतो, आणि आण्णा म्हणे पाठमोरे बसून, नुसत्या आवाजावरून, कुठला चांगला नि कुठला वाईट ते सांगायचे.

तेव्हापासून दरवर्षी हे चार नोझल कराडची वारी करून येत. विमानतळावर एकदा अधिकाऱ्याने फडकं सोडून विचारलं, हे काय आहे? ताई म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं काम." ओकुदा-सान नवे नोझल घ्या म्हणून सुचवून थकले. आणि गंमत अशी, की प्रयोगशाळेत साध्या तापमापकावरही विश्वास न ठेवणाऱ्या ह्या बाई, कराडहून आलेले नोझल न तपासता थेट इंजिनात बसवत. "आण्णांनी पाहिलेलं परत बघायचं नसतं," असं म्हणत. त्यांच्या सबंध शास्त्रात एवढी एकच श्रद्धेची जागा होती.

स्पर्धा व्हायची ती बर्फ नसलेल्या दिवसांत, स्कीच्या एका जुन्या उतारावर. गुलाबी फितींच्या खांबांमधून गाडी वर न्यायची, एकच संधी. खालच्या खोऱ्यात कोबीची शेती होती. शेतकऱ्यांनी उतार वापरू दिला तो एका अटीवर: काळा धूर दिसला की गाडी बाद. त्यामुळे पंच चाकांकडे कमी आणि धुराड्याकडे जास्त बघायचे. आदल्या दिवशी सगळे स्पर्धक घरोघर जाऊन, उद्या आवाज होईल, माफ करा, असं वाकून सांगत आणि हातात काहीतरी भेट देत. बाकीचे टॉवेल द्यायचे, ताई घरच्या चकल्या. एक आजीबाई तर म्हणे चकलीसाठीच स्पर्धेला परवानगी देत होत्या.

पहिल्या वर्षी आम्ही निम्म्यावर रुतलो. दुसऱ्या वर्षी माथा दोन गाड्यांच्या लांबीवर आला होता, आणि मागून काळा लोट उठला. पंचाने लाल झेंडा आडवा धरला. ताईंनी इंजिन बंद केलं, खाली येऊन टर्बो उघडला, नळ्या तपासल्या, पंप पाहिला. नोझलना हात लावला नाही. ओकुदा-सान म्हणाले, "आज हवा दमट आहे." मी त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं की कारण त्यांना कळलंय आणि ते बोलणार नाहीत.

तिसऱ्या वर्षी पत्र आलं: गावात झेंडे धरायला माणसं उरली नाहीत, ही शेवटची स्पर्धा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या एका डब्याच्या ट्रेनमध्ये ताई नोझलची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सामंत, ह्या खेपेला कराडला आण्णा पिन शोधत होते. पिन समोर फडक्यावर होती. ते हाताने चाचपत होते." मी स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

गॅरेजमध्ये पोचल्यावर त्या म्हणाल्या, "यंत्राला शिफारस चालत नाही," आणि पिशवीतलं फडकं सोडून पहिला नोझल ओकुदा-सानच्या हातपंपावर लावला. दांडा दाबला. चर्र. धुकं. दुसरा, तसाच. तिसरा लावला, दांडा दाबला, तर आवाज भिजल्यासारखा निघाला आणि टोकाशी एक थेंब लोंबकळत राहिला. ताई त्या थेंबाकडे पाहत राहिल्या. तो पडला, दुसरा आला.

ओकुदा-साननी खण उघडला, नव्या चार नोझलचं बंद खोकं टेबलावर ठेवलं आणि झाडू घेऊन ते बाहेर गेले. अंगण त्यांनी सकाळीच झाडलं होतं.

खोकं घेतलं तर उद्या माथा गाठता येणार होता. ताईंनी ते उचललं, परत ठेवलं आणि कराडला व्हिडिओ कॉल लावला.

"आण्णा, जरा ऐकता का? तपासणी करतेय."

आण्णांनी व्हिडिओ कॉलसुद्धा कानालाच लावला, त्यामुळे पडदाभर आम्हाला फक्त एक म्हातारा, पांढऱ्या केसांचा कान दिसत होता. ताईंनी पहिला दाबला. "हं," कान म्हणाला. दुसरा दाबला. "हं." तिसरा दाबला. मग आवाज आला, "परत दाब." त्यांनी दाबला.

"ह्यो ठिपकतूय. कुणी बसिवला?"

मी ताईंकडे पाहिलं. ह्या बाईंना खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. आता त्या म्हाताऱ्याचं काय होणार?

"मीच, आण्णा," त्या म्हणाल्या. आवाज सरळ, स्वच्छ. "हातातनं पडला. मग उघडून मीच परत बसवला."

पडद्यावरचा कान सरकला, दुकानाचं छत दिसलं, मग परत कान आला.

"मग घास की आता," आण्णा म्हणाले. "पिनीच्या टोकाला मव्हरीएवढी घासायची पेस्ट लाव. बोटात धरून फिरीव. दाबू नगंस, पिन आपसूक जागा धरती."

दीड तास ते चाललं होतं. कराडहून आण्णा सांगत होते आणि कोबेच्या प्राध्यापिका जमिनीवर मांडी घालून पिन फिरवत होत्या. थांब, धू, लाव, दाब. न्हाई, अजून. पाचव्या खेपेला नोझल चर्र बोलला आणि टोक कोरडं राहिलं. "आता बोलतूय," आण्णा म्हणाले आणि फोन बंद झाला. ताईंनी चौथा दाबून पाहिला, तो चांगला निघाला; मग न उघडलेलं खोकं दोन्ही हातांनी, वाकून, ओकुदा-सानना परत दिलं. तेही वाकले.

रविवारी मी मागच्या सीटवर पट्टे आवळून बसलो. "सामंत, श्वास सोडा, पण जागा सोडू नका," त्या पुढून ओरडल्या आणि आम्ही निघालो. गेल्या वर्षीची जागा आली. गाडी थरथरली, मागची चाकं घसरू लागली. मी बसल्या जागी जड व्हायचा प्रयत्न करत होतो. ताईंनी पाय किंचित उचलला, मान वाकडी करून इंजिन ऐकलं आणि मग दाबला. समोरच्या काचेत नुसतं आकाश होतं. मग गाडीचं नाक खाली आलं आणि आम्ही माथ्यावर उभे होतो. मी मागे वळून पाहिलं. धुराड्यातून नुसती गरम हवा निघत होती. पंचाचा झेंडा खाली होता.

आम्ही चौथे आलो. तिघे आमच्याहून वेगात चढले होते. माथा गाठणाऱ्या प्रत्येकाला गावाकडून एक कोबी मिळायचा. ताईंनी तो काखेत धरून फोटो काढून घेतला. शिडशिडीत बाई, डोंगराएवढी गाडी आणि काखेत कोबी. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी ओकुदा-सानना चक्क मिठी मारली. ते बिचारे ताठ उभे राहिले.

पुढच्या मार्चमध्ये माझी बदली मुंबईला झाली. निघताना ताईंनी तो फोटो जाड पाकिटात घालून दिला. "आण्णांना तुमच्या हातानं द्या. पोस्टानं फोटो पोचेल, पण गाडी कशी चढली ते पोस्टमन सांगणार नाही."

मी कराडला गेलो. दुकान उघडं होतं, पण टेबलावरची हत्यारं फडक्याखाली झाकलेली. आण्णांनी फोटो नाकाला टेकेपर्यंत जवळ धरला. "काखंत काय हाय हिच्या?"

"कोबी."

ते खूप हसले. मग फोटो खाली ठेवून म्हणाले, "तीन नंबर तिनं न्हाई बसिवला, सायेब. पडलेला नोझल आडवा फवारतो, त्येचा आवाज येगळा. ह्यो ठिपकत हुता. ते बसिवणाऱ्याचं काम. माझं."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"ल्हानपणी गल्ल्यावर बसिवली तर गिऱ्हाइकाला सांगायची, आमच्याकडनं चूक झाली, दुसरीकडं न्या. जल्मात पयल्यांदा खोटं बोलली, ते माझ्यासाठनं. तिला कशी उघडी पाडू?" त्यांनी फडक्यावरून हात फिरवला. "त्या दिसापास्नं मी हत्यार ठिवलं. आता ती बसिवती, मी फोनवर ऐकतो. तिला सांगू नका म्हंजी झालं."

मी शब्द दिला.

आण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या तेराव्यानंतर ताईंचा कराडहून फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी त्यांना येतच नसत. "सामंत, तुम्ही फोटो द्यायला गेला होतात. तीन नंबरचं आण्णांना कळलं होतं का हो?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "त्याबद्दल काही बोलले नाहीत."



"गणपतीत तुम्ही वजन चार किलो कमी सांगितलं होतंत," त्या म्हणाल्या, "तेव्हाही तुमचा आवाज असाच पडला होता." मग हळूच म्हणाल्या, "बरं झालं. त्यांना माहीत होतं."

 पलीकडून रडण्याचा आवाज येऊ लागला. मी फोन कानाला धरून, त्यांचं रडणं थांबेपर्यंत नुसता ऐकत बसलो.