बदलीचा इंग्रजी अर्ज

गुणाकर देवतळ्यांना इंग्रजी येतं हे ज्याला माहीत नाही, तो माणूस मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात कालच उतरलेला असावा, नाहीतर ठार बहिरा. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत बाबू होते. नोकरी सुटली, इडियम काही सुटले नाहीत. भाजीवालीने फुलकोबीचा भाव सांगितला की हे म्हणणार, "ॲन आर्म अँड अ लेग!" आणि मग तिला अर्थ समजावणार, की हातपाय विकावे लागतील इतकं महाग. तोवर दुसरं गिऱ्हाईक कोबी घेऊन गेलेलं असायचं. हौस दांडगी, दुसरं काय!

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मागच्या पावसाळ्यात त्यांच्या बायकोला, सुनीतीबाईंना, लकवा मारला. डावं अंग गेलं. एकुलती एक मुलगी देवश्री बैहरच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. शनिवारच्या बसने घाट उतरून यायची, रविवारी आईला न्हाऊ घालायची, वेणी घालायची आणि सोमवारी पहाटे परत. गुणाकरबाबूंना बायकोवर जीव लावता येतो, वेणी घालता येत नाही. पोरीची बालाघाटला बदली झाली तरच घराचा निभाव लागणार होता.

"बाबा, साध्या हिंदीत चार ओळी लिहिते म्हटलं," देवश्री म्हणाली. "आईले लकवा मारला, घरी करणारं कोणी नाई. झालं."

"चार ओळीचा अर्ज रद्दीत जाते," बाबू म्हणाले. "सायबाच्या नजरेत भरला पाह्यजे. मी लिहून राह्यलो ना, तू फक्त सही कर."

"काहून इतका हट्ट करता?"

"जन्मभर लोकायचे अर्जच पाह्यले मी. मले शिकवू नको."

तीन दिवस बसून त्यांनी दीड पान लिहिलं. पोरगी 'बिट्विन द डेव्हिल अँड द डीप सी', म्हणजे इकडे आड तिकडे विहीर अशी, सापडली होती, मेणबत्ती दोन्ही टोकांनी जळत होती. आणि आई? आईची तब्येत 'अंडर द वेदर' होती. आता हा इडियम सर्दी-पडशाला वापरतात, हे बाबूंना माहीत नव्हतं असं नाही. पण वाक्यात शोभला, बसवला. लकवा हा शब्द अख्ख्या अर्जात कुठेच नव्हता. तो त्यांना रांगडा वाटला. देवश्रीने वाचलं, बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि सही केली.

आठवड्याने शिक्षण खात्यातल्या चैतरामचा फोन आला. तो कधीकाळी बाबूंच्या हाताखाली होता. "बाबूजी, साहब ने पूरे स्टाफ को पढ़कर सुनाया." बाबूंनी गल्लीभर पेढे वाटले. काम झालंच म्हणून समजा, असं ज्याला-त्याला सांगत सुटले.

आदेश आला तो हिंदीत. बायकोच्या खाटेशी बसून, चष्मा लावून, ते मराठी करून मोठ्याने वाचू लागले. "अर्जदार शिक्षिकेचं इंग्रजीवरचं प्रभुत्व असामान्य आहे." इथे ते थांबले, सुनीतीबाईंकडे पाहून हसले. पुढचं वाचताना आवाज बारीक होत गेला. अशा गुणी शिक्षिकेला दुर्गम भागातून हलवणं विद्यार्थ्यांच्या हिताचं नाही. मातोश्रींची प्रकृती किंचित नरम असल्याचं अर्जावरून दिसतं, त्यांना लवकर आराम पडो. शिक्षिकेने यापुढे गणिताखेरीज दर रविवारी इंग्रजी इडियमचा जादा वर्ग घ्यावा.

शेवटची ओळ त्यांनी मनातल्या मनातच वाचली.

सुनीतीबाईंची जीभ अजून जड होती. एकेक शब्द ओढत त्या म्हणाल्या, "पोरगी... येते का नाई... तेवढं सांगा."

गुणाकरबाबूंनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

"नाई," ते म्हणाले. "आता रविवारीबी नाई."

सुनीतीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढं त्यांना कोणाच्या मदतीशिवाय जमत होतं.